नखाएवढे दप्तर

रायपूरच्या जयस्तंभ चौकातून मालवीय मार्गाने थोडे चालत गेले की गोलबाजार लागतो. छत्तीसगढातील हा जुना आणि नामांकित बाजार. धमतरीकडचा शेतकरी असो, राजिमचा कोष्टी असो, की केशकालचा घाट उतरून आलेला बस्तरचा रहिवासी असो, लग्नाचे वा पूजेचे साहित्य घ्यावयाचे तर त्याचे पाय या बाजाराकडे वळत. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस या माणसाच्या खरेदीच्या यादीत एका नव्या जिनसेची भर पडली. परतीच्या गाडीची वेळ होण्यापूर्वी तो मोबाईलच्या एखाद्या दुकानात शिरे, फोनचे मागचे झाकण काढी, आतून नखाएवढी एक काळी चकती बाहेर काढून दुकानदाराच्या हातावर ठेवी आणि म्हणे, हिच्यात गाणी भरून द्या.

दुकानदार ती चकती आपल्या संगणकास जोडी आणि कोणती गाणी हवीत ते विचारी. नवरात्र जवळ आले असले तर देवीची जसगीते, लग्नसराई असली तर नाचाची गाणी, नाही तर ददरिया, करमा, पंडवानी आणि त्यांच्या जोडीला मुंबईच्या चित्रपटांतील गीते. पाच-दहा मिनिटांत शेकडो गाणी त्या चकतीत उतरत. काही रुपये दुकानदाराच्या हातावर ठेवून तो प्रवासी गाडी गाठी. ज्या गावात फोनला आवाज मिळत नाही, जेथे बोलण्यासाठी टेकडीवर चढावे लागते, अशा गावात पुढे कित्येक महिने ती गाणी वाजत राहत. ज्या यंत्रावर कोणाशी बोलता येत नव्हते, ते यंत्र त्या चकतीमुळे साऱ्या पाड्याचे करमणुकीचे साधन होई.

या चकतीस दुकानात मेमरी कार्ड म्हणत. खेड्यातील लोक नुसते ‘चिप’ म्हणत. तिची लांबी १५ मिलिमीटर, रुंदी ११ मिलिमीटर आणि जाडी अवघी १ मिलिमीटर. करंगळीच्या नखावर ती सहज मावते आणि शिंक आली तर हरवते. परंतु तिची साठवण पाहू गेल्यास मन थक्क होते. जुन्या काळची तव्यासारखी ध्वनिमुद्रिका ज्यांना आठवते, त्यांना तिच्या एका बाजूवर जेमतेम साडेतीन मिनिटांचे गाणे मावे हेही आठवत असेल. २ गिगाबाइटचे मेमरी कार्ड हे त्या काळातील अगदी साधे कार्ड. त्यात नेहमीच्या प्रतीचे सुमारे ३४ तासांचे संगीत मावते. म्हणजे सुमारे ३०० तबकड्यांचा ढीग त्या नखाएवढ्या चकतीत सामावला. पुढे २०१९ मध्ये तर याच आकारात त्याच्या ५०० पट, म्हणजे १ टेराबाइट साठवणीची कार्डे बाजारात आली.

एवढे सारे एवढ्याशा जागेत राहते तरी कसे, हा प्रश्न कोणालाही पडावा. त्याचे उत्तर शोधावयास १९६७ सालात जावे लागते. त्या वर्षी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डावॉन कांग आणि सायमन झी या दोन शास्त्रज्ञांनी एक अजब रचना सुचविली. ट्रान्झिस्टरच्या आत त्यांनी विद्युत्वाहक पदार्थाचा एक बारीकसा थर असा ठेवला की त्यास कोणतीही तार जोडलेली नाही. त्याच्या चारी बाजूंनी, खाली आणि वर, विजेस अटकाव करणाऱ्या पदार्थाचे वेष्टन. जणू दार-खिडकी नसलेली एक कोठी. या कोठीत इलेक्ट्रॉन शिरावेत कसे? जोराचा विद्युद्दाब दिला म्हणजे हे कण, एरवी अभेद्य असलेल्या त्या पातळ भिंतीतून, आरपार आत जातात. दाब काढून घेतला की ते आत अडकून पडतात. मग वीज असो वा नसो, ते तेथेच राहतात. कोठी भरलेली आहे की रिकामी आहे, हे पुढे बाहेरूनच ओळखता येते; भरलेल्या कोठीतील भारामुळे शेजारून जाणाऱ्या विजेच्या प्रवाहास अडथळा होतो. भरलेली कोठी म्हणजे एक खूण, रिकामी कोठी म्हणजे दुसरी खूण. जगातील सारे ग्रंथ, सारी गाणी आणि सारी चित्रे या दोन खुणांच्या मालिकेत मांडता येतात.

या कल्पनेस व्यवहाराचे रूप दिले ते जपानमधील तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका या अभियंत्याने. त्याने १९८४ मध्ये आपली नवी स्मृती जगापुढे मांडली आणि १९८७ मध्ये तिचे अधिक दाटीचे, म्हणूनच अधिक स्वस्त असे रूप मांडले. या स्मृतीतील मजकूर एकेक अक्षर खोडून जात नाही. कोठ्यांचा सबंध गट एका क्षणात पुसला जातो. हे पाहून मासुओकाचे सहकारी शोजी आरिइझुमी यांना छायाचित्रकाराच्या दिव्याचा लखलखाट आठवला आणि त्यांनी तिला ‘फ्लॅश’ हे नाव सुचविले. ते नाव आज जगाच्या तोंडी आहे. मासुओकास मात्र त्या मानाने फारसे काही मिळाले नाही. आपल्या शोधाच्या मोबदल्यासाठी त्याला २००४ मध्ये आपल्या जुन्या कंपनीविरुद्ध न्यायालयात जावे लागले. २००६ मध्ये ८ कोटी ७० लाख येनवर तडजोड झाली. ज्या शोधावर अब्जावधींचा व्यापार उभा राहिला, त्याच्या जनकाच्या वाट्याला आलेली ही रक्कम लहानच म्हटली पाहिजे.

या स्मृतीचा व्यापार वाढविणाऱ्यांत एक भारतीय नावही आहे. कानपुरात जन्मलेले संजय मेहरोत्रा हे १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सॅनडिस्क कंपनीच्या तिघा संस्थापकांपैकी एक. या कंपनीने तोशिबा आणि मात्सुशिता या जपानी कंपन्यांच्या सहकार्याने १९९९ मध्ये एसडी कार्ड जाहीर केले, आणि त्याचे नियम ठरविणारी संघटना जानेवारी २००० मध्ये निघाली. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला छत्तीसगढ राज्य अस्तित्वात आले आणि रायपूर त्याची राजधानी झाली. कार्ड आणि राज्य अशी जवळजवळ समवयस्क ठरतात. फोनमध्ये बसणारे नखाएवढे रूप २००४ मध्ये निघाले आणि पुढल्याच वर्षी त्यास ‘मायक्रोएसडी’ या नावाने मान्यता मिळाली. त्यानंतर चार-पाच वर्षांतच ते रायपूरच्या बाजारात पानपट्टीच्या जोडीने मिळू लागले.

छत्तीसगढात या वस्तूचे एवढे स्वागत का व्हावे? केवळ स्वस्त करमणूक हे त्याचे उत्तर नव्हे. हा प्रदेश गाण्याचा आणि कथेचा आहे. पंडवानी म्हणजे पांडवांची कथा. परंतु ती पोथीतून वाचली जात नाही. तंबुरा हातात घेऊन गायक किंवा गायिका ती उभी करते, आणि शेजारी बसलेला रागी हुंकार देत, मधूनच प्रश्न विचारीत ती पुढे नेतो. २०१९ मध्ये पद्मविभूषण मिळालेल्या तीजनबाईंनी ही विद्या कोणत्याही शाळेत घेतली नाही. दुर्ग जिल्ह्यातील आपल्या गावी आजोबा ब्रिजलाल पारधी गात असत, ते ऐकून ऐकून त्यांनी ती आत्मसात केली. आजोबांच्या कंठातील गाणे नातीच्या कंठात आले ते ऐकण्यातून. अशा प्रदेशात, जे साधन वाचावयास लावीत नाही, केवळ ऐकावयास लावते, ते आपलेसे व्हावे हे स्वाभाविकच होते.

आकाशवाणीने हेच जाणले होते. रायपूरचे केंद्र १९६३ मध्ये सुरू झाले आणि छत्तीसगढी बोली तेथून दूरदूरच्या चावडीपर्यंत पोहोचली. परंतु नभोवाणी एका जागेहून बोलते आणि अनेक जागी ऐकली जाते. ऐकणाऱ्याला उलट काही सांगावयाचे असेल तर पत्र लिहावे लागते. आणि ज्याला लिहिता येत नाही, किंवा ज्याच्या भाषेला कचेरीत कोणी ओळखत नाही, त्याने काय करावे? गोंडी बोलणारे लोक २०११ च्या जनगणनेत ३० लाखांच्या आसपास भरले. एवढी मोठी भाषा, परंतु राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत तिला स्थान नाही. तिच्यातून वर्तमानपत्र चालविणे कठीण. बस्तरच्या जंगलात एखाद्या गावचा हातपंप वर्षभर बंद असला तरी ती गोष्ट राजधानीस कळावयाची नाही.

यावर एक तोड बीबीसीमध्ये पूर्वी काम केलेले पत्रकार शुभ्रांशु चौधरी यांनी काढली. बंगळूरच्या एका संशोधनसंस्थेतील तंत्रज्ञांच्या साहाय्याने २०१० मध्ये ‘सीजीनेट स्वर’ हा उपक्रम सुरू झाला. कोणत्याही साध्या फोनवरून एका क्रमांकास हाक द्यावयाची. एक कळ दाबली की आपले म्हणणे सांगता येते, दुसरी दाबली की इतरांचे ऐकता येते. आलेला निरोप कार्यकर्ते तपासून पाहत आणि मग तो सर्वांसाठी खुला करीत. कोणी शिधापत्रिकेची तक्रार सांगे, कोणी थकलेल्या मजुरीची, आणि कोणी नुसतेच गाणे म्हणे.

पण जेथे फोनला आवाजच नाही तेथे काय? तेथे या मंडळींनी नखाएवढ्या कार्डाचा आणि माणसाच्या पायांचा आधार घेतला. ज्या पंचायतीत इंटरनेट पोहोचले असेल तेथे गावातला एखादा तरुण जाई, आठवड्याचा कार्यक्रम आपल्या फोनमध्ये उतरवून घेई आणि गावी परते. मग एका फोनमधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, बिनतारी ब्लूटूथने तो कार्यक्रम पसरे. गावकऱ्यांच्या जिभेवर ब्लूटूथचे ‘बुलटू’ झाले, आणि या पद्धतीस ‘बुलटू रेडिओ’ हेच नाव रूढ झाले. प्रक्षेपणाचा मनोरा नाही, परवान्याची लहर नाही. कार्यक्रम बाजाराच्या दिवशी, हाटात, माणसांच्या खिशातून फिरतो आहे. इतिहासकाळी जासूद पागोट्यात पत्र खोवून मजल दरमजल जात असे, त्याचीच ही नवी आवृत्ती म्हणावयास हरकत नाही.

या साऱ्या व्यवहाराची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दुकानात भरली जाणारी बहुतेक गाणी कोणाच्याही परवानगीवाचून भरली जात. १९५७ च्या कृतिस्वामित्व कायद्याप्रमाणे हे चूकच. मुंबईच्या मोठ्या कंपन्यांचे त्यात नुकसान झाले असेलच. परंतु ज्याने आपल्या पदरचे पैसे घालून छत्तीसगढी गीते ध्वनिमुद्रित केली त्या लहान कलावंताचे नुकसान अधिक झाले. त्याचे गाणे गावोगाव वाजले, जत्रेत लोक त्याला ओळखू लागले, कार्यक्रमाची आमंत्रणेही आली असतील, पण गाण्याचे मोल म्हणून त्याच्या हाती काही पडले नाही. जपानमधील मासुओका आणि छत्तीसगढातील हा गायक, दोघांची तक्रार मुळात एकच आहे.

तथापि याहून खोल असा एक प्रश्न आहे, आणि तो प्रत्येक घराचा आहे. गाणी ऐकून पुसून टाकावयाची असतात. पण लोक या कार्डात केवळ गाणीच ठेवीत नाहीत. मुलाचे बारसे, मुलीचे लग्न, गेलेल्या माणसाचे शेवटचे बोलणे, हेही त्याच चकतीत असते. आणि ती चकती कपाटाच्या खणात, अत्तराच्या रिकाम्या डबीत ठेवून लोक निर्धास्त होतात. एकदा साठविले म्हणजे ते कायमचे राहिले, असा त्यांचा समज असतो. हा समज खरा नाही.

वर सांगितलेल्या कोठीची भिंत अतिशय पातळ असते, आणि आत असतात ते थोडेसे इलेक्ट्रॉन. अगदी सूक्ष्म रचनेत काही शेकड्यांहूनही कमी. काळाच्या ओघात ते एकेक करून झिरपतात. जुन्या रचनेत कोठी भरलेली की रिकामी एवढेच पाहावे लागे. अधिक साठवणीच्या लोभाने पुढे एकाच कोठीत आठ पातळ्या ओळखण्याची युक्ती निघाली. माठ भरलेला की रिकामा हे सांगणे सोपे. तो आठ बोटांपैकी नेमका किती बोटे भरला आहे हे सांगावयाचे तर थोड्याशा गळतीनेही हिशेब चुकतो. त्यातच प्रत्येक वेळी पुसताना आणि लिहिताना भिंत थोडी झिजते. जुन्या पद्धतीची कोठी १ लक्ष वेळा पुसून लिहिता येई. आठ पातळ्यांची कोठी १,००० वेळांच्या आसपासच थकते. नवी, फारशी न झिजलेली चकती वीज न मिळताही सुमारे १० वर्षे मजकूर धरून राहील अशी अपेक्षा असते. पण झिजलेली चकती तितका धीर धरीत नाही. आणि उष्णता ही या गळतीची सखी आहे. मे महिन्यात रायपूरचा पारा ४४-४५ अंशांवर जातो. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत राहिलेल्या कार्डाची काय अवस्था होत असेल याची कल्पना त्यावरून करावी.

त्यात बाजारातील लबाडीची भर. ६४ गिगाबाइट असे वर छापलेले, पण आत जेमतेम ८ गिगाबाइट जागा असलेले कार्ड स्वस्तात विकले जाते. ते फोनला खोटे सांगते. फोन त्यावर विश्वासून छायाचित्रे लिहीत जातो, आणि जागा संपल्यावरची छायाचित्रे कोठेच उमटत नाहीत, किंवा आधीच्यांवर उमटून दोन्ही बिघडतात. लग्नघरी ही गोष्ट लक्षात येते ती मांडव उतरल्यावर. म्हणून नवे कार्ड घेतल्यावर ते एकदा पूर्ण भरून, पुन्हा उघडून पाहावे आणि मगच त्यावर विसंबावे. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. चुकून एखादे छायाचित्र पुसले गेले तर बहुधा लगेच नाहीसे होते ते अनुक्रमणिकेतील त्याचे नाव. मूळ मजकूर काही काळ जागच्या जागी असू शकतो. अशा वेळी त्या कार्डावर नवे काहीही न लिहिता ते बाजूला काढून जाणकाराकडे न्यावे, म्हणजे हरवलेले परत मिळण्याची आशा राहते. याचीच उलट बाजू अशी की जुना फोन विकताना त्यातले कार्ड काढून घ्यावे. पुसले असे वाटणारे सारेच पुसलेले नसते.

मराठी माणसाला हा विषय विशेष जवळचा वाटावा. छत्तीसगढाशी त्याचा संबंध कालपरवाचा नव्हे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बिंबाजी भोसले यांनी रतनपूर येथे राहून या प्रदेशाचा कारभार केला, आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा करीपर्यंत येथे भोसल्यांचीच सत्ता मानली जात होती. त्या काळची मोडी कागदपत्रे, पुण्यातील पेशवे दप्तराप्रमाणेच, आजही वाचता येतात. दोनशे-अडीचशे वर्षांचा तो कागद. त्याला वीज लागत नाही, यंत्र लागत नाही. मोडी जाणणारे दोन डोळे पुरतात. त्यापुढे दहा वर्षांच्या हमीची ही चकती उभी केली म्हणजे कोण दप्तर आणि कोण केवळ जासूद हे सांगावयास नको.

रायपूर ही माधवराव सप्रे यांचीही कर्मभूमी. या मराठी गृहस्थाने जानेवारी १९०० मध्ये पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले, समर्थांचा दासबोध आणि टिळकांचे गीतारहस्य हिंदीत आणले, आणि १९२६ मध्ये रायपुरातच देह ठेवला. त्यांचे मासिक जेमतेम तीन वर्षे चालले. परंतु १९०१ मध्ये त्यात आलेली त्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही छोटी कथा आजही वाचली जाते. ती टिकली, कारण तिच्या प्रती निघाल्या, त्या प्रती अनेकांच्या घरी गेल्या, आणि पुढच्यांनी त्यांवरून पुन्हा प्रती काढल्या. एकाच ठिकाणी, एकाच पेटीत ती ठेवली असती तर तिचे काय झाले असते, हे सांगता येत नाही.

आवाजाच्या बाबतीत असाच धडा महाराष्ट्रात मिळाला आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह खेडोपाडी फिरून जात्यावरच्या १ लक्षाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांतील कित्येक ओव्या बायकांच्या मूळ आवाजात फितीवर मुद्रित झाल्या. त्या प्रकारच्या फिती वाजविणारी यंत्रे पुढे निघेनाशी झाली. तो ठेवा आज ऐकावयास मिळतो, याचे कारण वेळीच त्याची संगणकावर नक्कल झाली आणि ओव्यांचे शब्द कागदावरही उतरले.

रायपुरात तात्यापाऱ्यासारख्या वस्तीचे नावच मराठी कानाला ओळखीचे वाटते. चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळ आहे, तेथे गणेशोत्सव होतो, नाटके होतात. अशा शहरातील एखादे मराठी घर डोळ्यांपुढे आणावे. आजी माहेरून आणलेल्या ओव्या म्हणते; तिच्या मराठीत छत्तीसगढीचे कितीतरी शब्द मिसळलेले आहेत, आणि ते मिश्रण दुसरीकडे कोठे ऐकावयास मिळणार नाही. नातू हिंदीत वाढलेला. एके दिवशी त्याला वाटते, हे मुद्रित करून ठेवावे. तो फोन पुढे धरतो, आजी लाजत लाजत चार ओव्या म्हणते. मग नवा फोन येतो. आताच्या कित्येक फोनांत कार्ड बसविण्याची खाचच नसते, म्हणून जुने कार्ड खणात जाते. आजी जाते. दहा-बारा वर्षांनी कोणाला तरी आठवण होते, कार्ड शोधून काढले जाते, यंत्रात घातले जाते, आणि यंत्र विचारते, हे कार्ड वाचता येत नाही, ते नव्याने कोरे करू का? असा प्रश्न विचारण्याची पाळी ज्या घरावर येते, त्या घराचे झालेले नुकसान कोणत्याही दुकानात भरून मिळत नाही.

दरम्यान काळ पालटला आहे. सप्टेंबर २०१६ पासून फोनवरील इंटरनेट एकाएकी स्वस्त झाले. २०१८ मध्ये छत्तीसगढ शासनाने स्त्रियांना आणि विद्यार्थ्यांना स्मार्टफोन वाटण्याची योजना काढली. गाणी भरून देणाऱ्या दुकानांचा तो धंदा बसला; ज्याला हवे ते गाणे तो वाऱ्यावरून ऐकू लागला. २०२५ मध्ये नवा रायपूर येथे माहितीच्या एका प्रचंड कोठाराची पायाभरणी झाली. तरीही कॅमेऱ्यांत, रस्त्यावरील पहाऱ्याच्या यंत्रांत, साध्या फोनांत आणि गाणी वाजविणाऱ्या लहान डब्यांत नखाएवढी चकती आहेच. आणि दूरच्या कोठारात ठेवलेले तरी सुरक्षित कसे? तेथेही ती यंत्रे झिजतातच. फरक इतकाच की तेथे कोणीतरी सतत जुन्यावरून नव्यावर नक्कल करीत असते. गुप्त शब्द विसरला किंवा भाडे थकले तर तेही दार बंद होते.

तेव्हा करावयाचे ते फार अवघड नाही. जे मोलाचे आहे त्याच्या किमान तीन प्रती असाव्यात. त्या एकाच जातीच्या साधनावर नसाव्यात. आणि एक प्रत दुसऱ्या गावी, बहिणीकडे वा मुलाकडे असावी. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला नाव, गाव आणि तारीख द्यावी, नाही तर पुढे आवाज राहतो पण कोणाचा ते कळत नाही. दिवाळीला घराची झाडलोट होते, त्याच वेळी या प्रती उघडून पाहाव्यात आणि चार-पाच वर्षांनी नव्या साधनावर उतरवून घ्याव्यात. आणि ओव्या असतील, कहाण्या असतील, तर त्यांचे शब्द एका वहीत शाईने लिहून ठेवावेत.

शेवटी पंडवानीकडेच परत यावे लागते. ती शतकानुशतके टिकली ती कोणत्याही पेटीत ठेवल्यामुळे नव्हे. प्रत्येक पिढीने ती ऐकली, आपल्या गळ्यावर चढविली आणि पुढच्या पिढीस ऐकविली. केशकालच्या घाटावरून खिशातले कार्ड घेऊन जाणारा तो तरुणही नकळत तेच करीत होता. त्याने ते जपून ठेवले नाही, गावात पोहोचताच दुसऱ्याच्या फोनमध्ये उतरवून दिले. कार्डाचा खरा उपयोग त्यालाच कळला होता. खणातली चकती आजच काढून पाहावी. तिच्यात आजीचा आवाज अजून असेल, तर तो एकदा घरातल्या सर्वांना ऐकवावा, आणि नातवाला त्यातली एखादी ओवी म्हणावयास सांगावे.